करड्याला कुणी बांधलं

"ताई, तू फक्त एवढंच म्हण की तू घाईत होतीस," भाऊ म्हणाला आणि कागद टेबलावरून तिच्याकडे सरकवला.

ताईने कागदाकडे पाहिलं नाही. तिने भावाच्या बोटांकडे पाहिलं. मऊ, पांढुरकी, लोण्यात बुडवून ठेवल्यासारखी बोटं. चौदा घोड्यांच्या पागेचा हा मालक, आणि हाताला ना दाण्याचा वास, ना लिदीचा डाग. बाप याच टेबलाशी बसायचा तेव्हा टेबलावर गवताच्या काड्या असायच्या, एखादा झिजलेला नाल असायचा. आता काचेखाली पागेची गुळगुळीत जाहिरातपत्रकं होती. हिरवं कुरण, पांढरं कुंपण आणि मधोमध हसणारी भावजय, जिला घोडा नुसता फुरफुरला तरी शिंका यायच्या.

"कसली घाई?" ताई म्हणाली. "तीस वर्षांत मला कधी घाई झालेली पाहिलीस तू?"

"अगं, म्हणायला काय जातंय?"

"तुझं काही जात नाही रे. तुझं कधी काय गेलंय?"

दुसऱ्यांचे घोडे सांभाळणं हा या घराचा धंदा. ज्यांना घोडा पाळायची हौस आहे पण घोड्याखालची लीद उचलायची नाही, असे लोक आपला घोडा इथे आणून ठेवत. रविवारी येत, तासभर बसत, एखादं गाजर भरवत, फोटो काढत आणि घोड्याला आपली केवढी ओढ आहे हे एकमेकांना सांगत परत जात. उरलेला आठवडा घोडा कुणाची पावलं ओळखतो, ते ताईला ठाऊक होतं आणि घोड्याला. बापाने जाताना पागा मुलाच्या नावावर केली आणि घोडे मुलीच्या गळ्यात घातले. कागद त्याचा, लीद हिची. ताईने लग्न केलं नाही, तक्रारही केली नाही. तिला ही वाटणी आपल्याच फायद्याची वाटत आली होती.

आता मात्र भाऊ तिच्याकडे तिचा वाटा मागत होता.

गोष्ट करड्याची होती. करडा हा पागेतला सगळ्यात देखणा घोडा. धुकं उतरून अंगावर थांबावं असा रंग, आणि पुठ्ठ्यावर पांढरे ठिपके, जणू कुणी ओल्या बोटांनी पीठ शिंपडलंय. चालायला लागला की वाटायचं, पाय जमिनीला विचारून पडतायत. आणि मालक कोण? तर एक दंतवैद्य. ताई त्याला दातकाढ्या म्हणायची. तो नव्या बुटांत करकरत आला की ती खरारा करता करता घोड्याच्या कानाशी गुणगुणायची:

*आला गं बाई आला, दातकाढ्या नटून,*
*बूट गुडघ्याला आले, अक्कल टाचेला चिकटून.*

करडा कान हलवायचा. दातकाढ्याला वाटायचं, बाई घोड्याला अंगाई गातात. "किती प्रेमळ आहात हो तुम्ही," असं तो एकदा म्हणालाही होता.

तर हा करडा गेल्या रविवारी दुपारी अंगणातल्या काँक्रीटवर आपटला होता. मागचा पाय असा मुडपला की पशुवैद्याने तपासून नुसती मान हलवली. जगेल, चालेल, पण पाठीवर माणूस घेणार नाही. दातकाढ्याचं पत्र तिसऱ्या दिवशी आलं. घोडा तुमच्या ताब्यात दिला होता, सबब झाल्या इजेला पागा जबाबदार.

आणि पागा जबाबदार नव्हती असंही नव्हतं.

भिंतीला ओळीने लोखंडी कड्या होत्या, घोडे बांधायला. पण बापाच्या काळापासून घोडा कधी कडीला बांधायचा नाही. कडीत एक पातळ सुतळीचा फास ओवायचा आणि दोर बांधायचा त्या सुतळीला. कारण घोडा हा असा प्राणी, की आपण अडकलो असं वाटलं तर आधी जीव पणाला लावतो आणि मग विचार करतो. तो बिथरून मागे ओढायला लागला की सुतळी पटकन तुटते, घोडा मोकळा होतो आणि दोन पावलांवर खुळ्यासारखा उभा राहतो. एक दमडीची सुतळी जाते, घोडा राहतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला ताई ओट्यावर बसून चौदाच्या चौदा फास बदलायची.

त्या आठवड्यात गुरुवारी जाहिरातीचे फोटो काढायचे होते. भावजय अंगणात आली, नाकाला रुमाल लावून भिंतीकडे बघत म्हणाली, "अहो, ही काय लक्तरं लोंबतायत?"

"सुतळ्या आहेत," भाऊ म्हणाला.

"दिसतंय मला. फोटोत कशा दिसतील ते सांगा."

भावाने ताईला सुतळ्या काढायला सांगितल्या. ताई म्हणाली, मी नाही काढणार. मग भाऊ कचेरीतून कागद कापायची कात्री घेऊन आला आणि स्वतः एकेक फास कापत गेला. सुतळी कापायलाही त्याला दोन्ही हात लागत होते. ताई हाताची घडी घालून बघत राहिली. "काप, बाबा," ती म्हणाली. "काप. तुझीच पागा."

फोटो झाले. कड्यांना पॉलिश झालं. सुतळ्या परत कुणी लावल्या नाहीत. रविवारी दातकाढ्याने करड्याला स्वतः बाहेर काढलं, स्वतः बांधलं, सरळ कडीला, वर दुहेरी गाठ, कारण त्याने गाठी मारायचा कुठला तरी व्हिडिओ पाहिला होता. मग त्याने नवंकोरं चमकदार जाकीट काढलं आणि करड्याच्या तोंडासमोर फडकन झटकलं. करड्याने मागे ओढ घेतली. दोर नवा होता, तुटला नाही. म्होरकी परदेशी होती, तुटली नाही. कडी बापाने बसवलेली, ती कसली तुटते? अंगणात त्या घटकेला सगळंच मजबूत होतं. फक्त करड्याचा पाय तेवढा नव्हता.

"विम्याचा माणूस उद्या येतोय," भाऊ सांगत होता. "आणि त्यांचा नियम सरळ आहे. नोकराच्या हातून चूक झाली असेल तर कंपनी भरपाई देते. पण मालकाने स्वतःच सुरक्षेची वस्तू काढली असेल, तर कंपनी हात वर करते. सगळं माझ्या डोक्यावर येतं. पागा जाते, ताई."

"आणि मी नोकर."

"कागदोपत्री! कागदावर तुझा पगार दिसतो ना?"

"कागदावरच दिसतो."

भावजय दारात उभी होती. ती समजूत घालायच्या आवाजात म्हणाली, "ताई, नाहीतरी तुमचं आता वय झालंय. किती दिवस लिदीत हात घालणार? विश्रांती घ्या."

"का गं? विश्रांतीचं काय निघालं?"

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. त्या बघण्यातूनच ताईला कळलं की कागदावर आणखी काहीतरी आहे. तिने पहिल्यांदा तो उचलला. वर लिहिलं होतं, करड्याला ताईने घाईत सरळ कडीला बांधलं. खालच्या ओळीत लिहिलं होतं: ज्या कर्मचाऱ्याकडून चूक झाली, त्याला यापुढे या पागेत घोडे हाताळू दिले जाणार नाहीत, असं मालक लिहून देत आहे.

"हे नुसतं लिहायचं असतं," भाऊ घाईघाईने म्हणाला. "कोण बघायला येतंय? आणि आलंच कुणी, तर तू तेवढा वेळ घरात बसायचं."

"म्हणजे मी माझ्या पागेत चोरासारखी शिरायचं."

"तुझ्या?"

शब्द भावाच्या तोंडातून निसटला. ताई त्याच्याकडे बघत राहिली. लहानपणी हा घोड्यावर बसायला घाबरायचा. बापाने उचलून ठेवला की भोकाड पसरायचा आणि तिच्याच गळ्यात पडायचा. तिला वाटलं होतं, पोर मोठं होईल. ते नुसतं लांब झालं.

"उद्या येऊ दे तुझा विमेवाला," ती म्हणाली. "काय सांगायचं ते मी बघते."

दुसऱ्या दिवशी सकाळी विमेवाल्याच्या आधी दातकाढ्याच हजर झाला. करड्याच्या ठाणाबाहेर उभा राहून त्याने पाहिलं. करडा भिंतीकडे तोंड करून उभा, मागचा पाय टेकवत नव्हता. दातकाढ्या आत गेला नाही.

"माझ्याने बघवत नाही हो," तो म्हणाला.

"मग कशाला बघता? जा घरी," ताई म्हणाली. ती पायावर थंड पाण्याची धार धरत होती.

"तुमचं दुःख मी समजू शकतो. पण तत्त्वाचा प्रश्न आहे. मी तुमच्यावर विश्वास टाकला होता."

"गाठ कुणी मारली होती, डॉक्टर?"

"गाठ व्यवस्थितच होती! सुटली का? नाही ना सुटली?"

ताईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. एवढा मोठा माणूस, भिंतीवर पदव्या टांगलेला, आणि त्याला अजून गाठ सुटली नाही याचाच अभिमान होता. शिवी घालावी तर शिवी वाया गेली असती. तिने पाण्याची नळी जरा वाकडी धरली. बुटांवर पाणी उडालं तसा तो दोन उड्या मारून मागे सरला आणि कचेरीकडे निघून गेला.

विमेवाला अकरा वाजता आला. तरणा, चष्मा लावलेला, पायात चकचकीत बूट. ताईने त्याला फाटकापासूनच तोलला आणि दातकाढ्याच्या खात्यात टाकला. भाऊ पुढे धावला, भावजय पाठोपाठ, दातकाढ्या तिसरा. तिघेही एकदम बोलत होते. विमेवाल्याने सगळ्यांचं ऐकलं, तिघांनाही कचेरीत बसायला सांगितलं आणि वही घेऊन एकटा अंगणात आला. वाटेत त्याचा पाय सरळ लिदीत गेला. त्याने बुटाकडे बघितलं, पाय वर उचलला, परत ठेवला आणि तसाच पुढे आला. ताईला जरा नवल वाटलं.

"तुम्हीच ताई?"

"सगळे ताईच म्हणतात. तुम्ही काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा."

"घोडा तुम्ही बांधलात, असं तुमचे भाऊ म्हणतात."

"आणि डॉक्टर काय म्हणतो?"

"ते म्हणतात, गाठ चांगली होती." तो हसला नाही, पण चष्म्याआड काहीतरी हललं. मग तो भिंतीपाशी गेला. कड्यांमध्ये आता फास होते. अपघातानंतर सोमवारी भावाने घाईघाईने स्वतः लावले होते, चौदाच्या चौदा. विमेवाल्याने एका फासात बोट घालून ओढलं. मग दोन्ही हातांनी ओढलं. मग एक पाय भिंतीला लावून ओढलं.

"घोड्याने ओढलं की हे तुटतं म्हणता ना?"

ताई जवळ आली. तिने फास चिमटीत धरून पाहिला आणि तिला हसू आवरेना. भावाने नायलॉनची दोरी लावली होती. दिसायला सुतळीसारखी, रंगही तोच.

"याने जहाज बांधा," ती म्हणाली. "चाळीस वर्षं राहतोय या पागेत. सुतळी कशासाठी असते, हे त्याला अजून माहीत नाही. त्याला वाटतं, शोभेला असते. शोभेला लावली, शोभेसाठी कापली."

"म्हणजे आधीच्या त्यांनी कापल्या?"

"गुरुवारी. कागदाच्या कात्रीने. बायकोला फोटोत लक्तरं नको होती. आणि रविवारी डॉक्टरने आपल्या हाताने कडीला बांधला, अन् तोंडासमोर जाकीट झटकलं. मी घोडा बांधला नाही. मी जन्मात कधी कडीला घोडा बांधला नाही. लिहा."

तो लिहीत गेला. ताईला हलकं वाटलं. तिघंही मूर्ख एकाच पानावर आले होते, आणि पान तिच्यासमोर भरत होतं. तिला वाटलं, झालं. आता हा वही मिटेल.

"त्या शुक्रवारी, शनिवारी बाकीचे घोडे कसे बांधलेत?" त्याने खाली बघतच विचारलं.

"कनवटीला सुतळी असते माझ्या. मी बांधायचा तेवढ्यापुरता फास लावायचे. काम झालं की काढून घ्यायचे."

"काढून का घ्यायचात?"

ताईचा हात कनवटीला गेला. "मालकाला नको होत्या ना," ती म्हणाली.

"हं. आणि रविवारी, डॉक्टर बांधत होते तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

हे तिला आठवडाभरात कुणी विचारलं नव्हतं. भावाने नाही, भावजयीने नाही, पशुवैद्याने नाही. तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं. मन तिथपर्यंत आलं की ती काहीतरी काम काढायची, बादली उचलायची, खरारा धुवायची.

तिने अंगणातल्या पाण्याच्या हौदाकडे बोट दाखवलं. विमेवाला चालत गेला, पावलं मोजत. बारा झाली. हौदापाशी उभा राहून त्याने भिंतीकडे पाहिलं.

"इथून कडी दिसते," तो म्हणाला.

"दिसते."

"मग तुम्हाला दिसलं?"

हौदात वारा पाण्यावरून सरकत होता. कचेरीच्या खिडकीतून भावजयीची शिंक ऐकू आली. ताईने पदराला हात पुसले, कोरडेच होते, तरी पुसले.

"दिसलं," ती म्हणाली. "त्याने दोर कडीत घातला तेव्हापासून दिसत होतं. पहिली गाठ मारली, दुसरी मारली. मी बादली खाली ठेवली, नीट बघता यावं म्हणून."

"हाक मारली नाहीत?"

"नाही."

"का?"

"मजा बघत होते." एकदा बोलायला लागल्यावर तिला थांबता येईना. "मला वाटलं, आता घोडा ओढ घेईल, हा दातकाढ्या कोलमडेल, चिखलात बूड टेकेल. रविवारची सगळी मंडळी हसतील. मग भाऊ धावत येईल, म्हणेल, ताई, तुझंच खरं, लाव बाई सुतळ्या. मी सगळं मनात रंगवलं होतं. कोण कसा पडणार, कोण काय बोलणार. मी काय उत्तर देणार तेसुद्धा. गुरुवारपासून मी त्या घटकेची वाट बघत होते, साहेब. म्हणूनच तर फास काढून घ्यायचे. सगळे जण होते त्या चित्रात." तिने ठाणाकडे पाहिलं. "करडा नव्हता. दोराच्या दुसऱ्या टोकाला करडा आहे, हे मी विसरले."

विमेवाल्याने हौदाच्या कठड्यावर वही टेकवली. मग त्याने लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. "संबंधित कर्मचारी बारा पावलांवर हजर होत्या, परंतु त्यांच्या दुर्लक्षामुळे—"

"दुर्लक्ष खोडा."

"का?"

"माझं लक्ष होतं. पुरतं लक्ष होतं. डोळ्याची पापणी हलली नाही."

त्याने चष्मा काढला. "हे बघा, बाई. दुर्लक्ष म्हटलं तर चूक ठरते. चूक कुणाच्याही हातून होते, एखादवेळ समजही देऊन सोडतात. पण बघत असून गप्प राहिलात असं लिहिलं, तर इथेच काय, कुठल्याच पागेत तुम्हाला कुणी घोड्याजवळ उभं करणार नाही. तुमचा भाऊही याने काही वाचत नाही. ज्याच्या त्याच्या वाट्याचं ज्याच्या त्याच्यावर जाईल. तुम्ही हे मला सांगितलं नसतंत तर मला कळलंही नसतं."

"घोड्याला कळतं," ती म्हणाली. मग तिला आपलंच बोलणं खोटं वाटलं. घोड्याला काही कळलं नव्हतं. रोजच्यासारखा तो आजही सकाळी तिच्या खांद्याला नाक लावून उभा होता, आणि तेच तिला आठवडाभर सोसवत नव्हतं. "लिहा तुम्ही. पाहिलं आणि गप्प राहिले, असं लिहा."

त्याने लिहिलं. तिने सही केली. सही तिला फारशी करावी लागली नव्हती कधी. अक्षरं मोठी आली आणि रेघेबाहेर गेली.

विमेवाला गेल्यावर दातकाढ्या तोंड लांब करून गाडीत बसला. भाऊ अंगणात आला. चेहरा उतरलेला, हातात तो कालचाच बिनसहीचा कागद.

"काय सांगितलंस?"

"जे झालं ते."

"माझं नाव घेतलंस?"

"घेतलं. डॉक्टरचंही घेतलं. माझंही."

"तुझं?" भाऊ खरोखरच गोंधळला. "तुझं काय होतं त्यात?"

खोटी चूक तिच्या माथी मारायला काल त्याला क्षणाचाही वेळ लागला नव्हता, आणि आज खरी ऐकून तो तोंड उघडं टाकून उभा होता. ताईला नेहमीचं तिरकं काहीतरी सुचलंही. तिने ते गिळलं. त्याच्यावर हसायला जावं तर हौद दिसत होता.

"माझं होतं," ती म्हणाली. "आणि आता मला घोड्यांना हात लावता येणार नाही. उद्यापासून माणूस बघ. बघेपर्यंत तुलाच करावं लागेल. पेन आण."

"कशाला?"

"सांगते ते लिहून घे. तुझ्या डोक्यात राहायचं नाही."

तो पेन घेऊन आला, त्या कागदाची पाठची कोरी बाजू पुढे केली. ती पहिल्या ठाणापासून सुरू झाली. हिला दाणा आधी, पाणी नंतर. हा उजवा कान शिवू देत नाही. हिच्या शेजारी तो अबलख बांधायचा नाही, चावतो. हिचा नाल महिन्याच्या आतच ढिला होतो, खुराचा आवाज ऐकत जा. ती दर ठाणापुढे थांबायची, हात पाठीमागे बांधून. घोडे सवयीने मान पुढे करायचे आणि तिचा हात येत नाही म्हणून तिच्या पदराला हुंगायचे. भाऊ भराभर लिहीत होता. चौथ्या घोड्यापाशी त्याचं बोट दुखलं, सातव्यापाशी कागद भरला. तो पळत जाऊन दुसरा घेऊन आला. या वेळी तिने त्याला सावकाश सांगितलं.

शेवटच्या ठाणापाशी करडा भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"करड्याचं काय लिहू?" भावाने विचारलं.

"पायावर दिवसातून तीनदा पाणी. आणि त्याच्याजवळ जाताना आधी लांबून हाक मार," ताई म्हणाली. "हात नंतर."